त्या रात्री गोळी का झाडली नाही

दादा, नमस्कार.

अमेरिकेत टेक्ससमध्ये शेतात रात्री रानडुकरांवर बंदूक घेऊन बसतो, त्याबद्दल मी मागचा लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही मला लिहिलंय, "तुमच्या दुर्बिणीला अंधारात दिसतं, ती अंतरही मोजून देते, आणि तरी तुम्ही गोळी न झाडता घरी आलात. वर आम्हाला पानभर सावधगिरी शिकवता. आम्ही इकडे तुरीच्या शेतात रात्र रात्र जागली करतो, डबे बडवतो. असं यंत्र आमच्या हातात असतं तर आठवड्यात रान साफ केलं असतं."

राग कळतो. पण त्या रात्रीबद्दल मी मागच्या लेखात घाईने लिहिलं, म्हणून आता नीट सांगतो.

मार्चचा पहिला आठवडा होता. टेक्ससमध्ये ब्रॅझोस नदीच्या काठी माझ्या मित्राचं शेत आहे. मका पेरून पाच दिवस झाले होते. रानडुकरं पेरलेल्या ओळीवर नाक लावून चालतात आणि दाणा न् दाणा उकरून खातात. सकाळी बघावं तर शिवण उसवल्यासारखी सरळ रेघ शेतभर गेलेली असते. म्हणून मी तिपाईवर रायफल लावून बसलो होतो. रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीला स्कोप म्हणतात. त्याच्यावरचा इन्फ्रारेड टॉर्च ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. त्याचा झोत आपल्याला दिसत नाही. टॉर्चच्या तोंडाकडे बघितलं तर फिकट लाल ठिपका तेवढा दिसतो. ९४० चा घेतला तर तो ठिपकाही जातो, पण सेन्सरला तो उजेड कमी कळतो आणि पल्ला घटतो.

अकराच्या सुमारास बांधाजवळ चार आकृत्या दिसल्या. बुटक्या, जाडजूड, माना खाली. लेझरने अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचं बटण दाबलं: १४३ यार्ड. पुन्हा दाबलं: ९१. जनावरं जागची हललीही नव्हती! मधे गेल्या वर्षीचं वाळकं गवत उभं होतं आणि लेझर त्याच्यावरच आपटून परत येत होता. हे यंत्र लेझरचा ठोका जाऊन परत यायला किती वेळ लागला तेवढंच मोजतं. शंभर मीटरला हा वेळ पाऊण मायक्रोसेकंदही नसतो. ठोका कशावर आपटून आला, हे त्याला कळत नाही. म्हणून मी एका आकड्यावर कधीच विसंबत नाही, तीनदा मोजतो. तिसऱ्यांदा १४४ आलं.

अंतर पक्कं झालं. आणि तेवढ्यात एका आकृतीने मान वर केली, तिचे दोन्ही डोळे दिव्यासारखे पेटले.

दादा, डुकराचे डोळे असे पेटत नाहीत. गाय, हरीण, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो उजेड परत फेकतो. डुकराला तो थरच नाही. मी बोट ट्रिगरच्या बाहेर घेतलं, सेफ्टी लावली आणि गाडी घेऊन जवळ गेलो. शेजाऱ्याची अँगस जातीची काळी वासरं होती, कुंपणाची तार तुटली होती तिथून आत आलेली. त्या काचेत रंग उरतच नाही. काळं वासरू, काळं डुक्कर, दोन्ही राखाडी. त्या वासरांमागे, उताराच्या पलीकडे, शेजाऱ्याचं घर आहे. स्कोपमध्ये ते दिसतही नव्हतं, कारण टॉर्चचा उजेड तिथवर पोचत नाही.

मग रेंजफाइंडर कशाला, असं तुम्ही विचाराल. तो हवाच. त्या सपाट चित्रात खोली नसते, दोनशे यार्डांवरचं लहान डुक्कर आणि तीनशेवरचं मोठं डुक्कर सारखंच वाटतं. माझी .३०८ रायफल शंभर यार्डांवर झिरो केलेली आहे, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर बसते. तिची गोळी दोनशेवर साधारण चार इंच खाली जाते, तीनशेवर फुटाहून जास्त. डुकराचं हृदय पुढच्या पायाच्या रेषेत, बरंच खाली असतं. अंदाज चुकला तर गोळी पोटात बसते किंवा पायात, आणि जनावर रात्रभर झुडपात तडफडतं. ते मी एकदा पाहिलंय, परत बघायची इच्छा नाही.

धुक्याचं मागच्या वेळी राहिलं. नदीवरून धुकं आलं की टॉर्चचा उजेड थेंबांवरून उलटा येतो आणि काच पांढरी होते. अशा वेळी टॉर्चची ताकद वाढवू नका, कमी करा. तरीही दिसलं नाही तर घरी जा.

आता "रान साफ" बद्दल. टेक्ससमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही, रात्रीही चालतं. तरी इथल्या डुकरांचा अंदाज २६ लाखांच्या आसपास आहे. जाणकार सांगतात की दरवर्षी दोनतृतीयांश काढली तरच संख्या आहे तिथे थांबते. बंदुकीने तेवढी निघत नाहीत. एकाला मारलं की उरलेला कळप पांगतो आणि शहाणा होतो. माझ्या मित्राच्या शेतात खरा फरक पडला तो मोठ्या गोल पिंजऱ्याने. कॅमेऱ्यावर नजर ठेवून अख्खा कळप आत गेल्यावरच दार पाडायचं. स्कोपचं काम त्यातून सुटलेल्या एकदोघांपुरतं.

आणि तुमच्याकडे कायदा वेगळा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही, आणि ती न घेता असलं यंत्र वापरायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. पिकाची भरपाई मिळते, तिचा अर्ज मात्र वेळेत करा, पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक तसंच राहू द्या.

तुमच्या जागलीबद्दल अजून लिहा. डुकरं कुठल्या बाजूने शिरतात, एकाच वाटेने येतात का, तुरीच्या कुठल्या अवस्थेत जास्त येतात? वाट ठरलेली असेल तर कुंपण कुठे घालायचं त्यावर बोलता येईल.