फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, हा दावा तपासून पाहू

एक मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो: "तुमचा फोन चोवीस तास तुमचं बोलणं ऐकतो. ते रेकॉर्डिंग कंपन्यांकडे जातं, म्हणूनच ज्या वस्तूबद्दल बोलाल तिची जाहिरात लगेच दिसते. विश्वास नसेल तर प्रयोग करून बघा. कंपन्यांनी हे कबूलही केलंय. मायक्रोफोनची परवानगी काढून टाका आणि निर्धास्त व्हा."

हा मेसेज पाठवणारी माणसं चांगल्या हेतूनेच पाठवतात. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, ही त्यांची शंकाही खरी आहे. पण चोर एका दाराने येतोय आणि आपण दुसऱ्या दाराला कुलूप लावतोय, असा हा प्रकार आहे. शेवटच्या "निर्धास्त व्हा"ची तर मला फारच धास्ती वाटते. म्हणून यातला एकेक मुद्दा घेते.

"चोवीस तास ऐकतो आणि रेकॉर्डिंग पाठवतो." आधी साधा हिशोब करू. बोलण्याचा आवाज बराच दाबून, सेकंदाला 24 किलोबिट इतका लहान केला, तरी तासाला जवळपास 11 एमबी आणि दिवसाला सुमारे 260 एमबी होतात. एवढा डेटा रोज फोनमधून बाहेर गेला, तर तो डेटा वापराच्या यादीत दिसल्याशिवाय राहणार नाही. यावर कुणी म्हणेल, आवाज कशाला पाठवायचा, फोनमध्येच त्याचे शब्द करून घेतले की झालं. रास्त शंका आहे. पण दिवसभर चालणारं हे काम बॅटरी खातं, फोन तापवतं आणि त्यासाठी मायक्रोफोन सतत चालू ठेवावा लागतो. 2020 साली आलेल्या आयफोनच्या आयओएस 14 पासून आणि 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून मायक्रोफोन वापरात असला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका किंवा खूण दिसते.

मग हाक मारल्यावर फोन "ओ" कसा देतो? तर त्या कामासाठी अगदी कमी वीज खाणारा छोटा भाग असतो. त्याला ठरलेली हाकच तेवढी ओळखता येते. तुम्ही भाजीबद्दल बोलताय की भांडणाबद्दल, हे त्याला कळत नाही.

2018 साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अँड्रॉइडची 17 हजारांहून जास्त ॲप तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. ही ॲप माणसांनी नव्हे, प्रोग्रॅमने हाताळली होती, तेव्हा याला शेवटचा निकाल म्हणता येणार नाही. पण त्यांना वेगळंच काही सापडलं. काही ॲप वापरणाऱ्याच्या स्क्रीनची चित्रं आणि चक्क व्हिडिओ तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती. कान शोधायला गेले आणि डोळे सापडले. त्या मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

"बोललं की लगेच जाहिरात येते." हा मुद्दा मनाला सगळ्यात जास्त पटतो, कारण तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो. मीही अनुभवला आहे.

माझी एक मैत्रीण दुपारी घरी आली होती. गुडघे दुखतात म्हणाली, नी-कॅप घ्यावी का असा विषय निघाला. माझे गुडघे ठणठणीत आहेत, नी-कॅप हा शब्द मी आयुष्यात कधी टाइप केलेला नव्हता. रात्री फोन उघडला तर समोर नी-कॅपची जाहिरात. अंगावर काटा आला. लगेच तिला फोन केला, तर तीही म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना!" मग मी तिला विचारलं, आज दिवसभरात तू फोनवर काय काय केलंस ते आठवून सांग. ती आठवत गेली. सकाळी तिने गुडघेदुखीवर दोन लेख वाचले होते. माझ्याकडे असताना, मी चहा टाकायला आत गेले तेव्हा, माझ्याच वायफायवरून तिने दोन-तीन नी-कॅप उघडून किमती बघितल्या होत्या. हे सांगताना तिलाच नवल वाटलं. बोललेलं सगळं लक्षात होतं, बोटांनी केलेलं मात्र पार विसरून गेली होती.

त्या जाहिरातीपर्यंतची नेमकी साखळी बाहेरून कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. पण वाटा माहीत आहेत. एकाच वायफायवरचे फोन बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, आलेले दिसतात. दोन फोन तासभर एकाच जागी होते, हे लोकेशनवरून कळतं. तिच्या संपर्क यादीत मी आहे, माझ्यात ती. दुकानांच्या वेबसाइटवर जाहिरात कंपन्यांचा एक अदृश्य तुकडा बसवलेला असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. तुम्ही कुठली वस्तू उघडली, टोपलीत टाकली आणि न घेताच निघून गेलात, हे तो मागे कळवतो. दुकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांच्या याद्या सांकेतिक रूपात जाहिरात कंपन्यांना देतात आणि "यांच्यासारखी आणखी माणसं शोधून द्या" असं सांगतात. फेसबुकवर ही सोय 2013 पासून आहे. माझ्या मैत्रिणीच्या वयाची, तिच्यासारखीच खरेदी करणारी, तिच्या ओळखीची मी. मला शोधायला कानाची गरजच काय?

आणि हे सगळं किती वेळात होतं? पान उघडायला लागतो तेवढ्यात. जाहिरातीची रिकामी जागा लिलावात निघते. फोनचा प्रकार, जाहिरात ओळख क्रमांक (जाहिरातदारांना तुमचा फोन ओळखता यावा म्हणून त्याला दिलेला क्रमांक), अंदाजे ठिकाण आणि वाचत असलेलं पान अशी माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात बोली संपते आणि जाहिरात समोर येते. जे बोली हरले, त्यांनाही माहिती तर मिळालेलीच असते! या शेवटच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

या माहितीवरून काय काय ताडता येतं, याचा अंदाज सहसा आपल्याला नसतो. 2013 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 58 हजार स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे नुसते लाइक घेतले आणि त्यांवरून राजकीय कल, धर्म, लैंगिक कल अशा गोष्टी बऱ्याच अचूक ओळखून दाखवल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या मोबाइलच्या हालचाली तपासल्या होत्या. नावं काढून टाकलेली होती. तरी कुठे आणि केव्हा, अशा फक्त चार नोंदींवरून 95 टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता आली.

"प्रयोग करून बघा." जरूर करावा, पण नीट करावा. मेसेजमधला प्रयोग असा: फोनसमोर एखाद्या वस्तूचं नाव घेत राहा आणि जाहिरातींवर लक्ष ठेवा. आता ती वस्तू तुम्हाला सुचली कुठून? बहुतेक वेळा आजूबाजूला दिसली, कुणी घेतली किंवा तिचा हंगाम आला म्हणूनच. त्याच कारणांनी जाहिरातदारही तीच वस्तू पुढे करत असतात. शिवाय दिवसभरात डोळ्यांसमोरून जाणाऱ्या ढीगभर जाहिरातींपैकी जुळलेली एकच लक्षात राहते, बाकीच्या विसरल्या जातात. एखादी गोष्ट मनात आली की ती सगळीकडे दिसू लागते, या भासाला भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी 2005 मध्ये नावही दिलं आहे.

खरा प्रयोग करायचा तर दहा असंबद्ध वस्तूंच्या चिठ्ठ्या करा आणि डोळे मिटून पाच उचला. त्या पाचांबद्दलच फोनसमोर बोला, उरलेल्या पाचांबद्दल नाही. टाइप काहीच करू नका. आठवडाभर दिसलेल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट घ्या आणि चिठ्ठ्या माहीत नसलेल्या माणसाला ते मोजायला द्या. 2019 मध्ये वँडेरा या मोबाइल सुरक्षा कंपनीने याच्याशी मिळतीजुळती चाचणी केली. काही फोन कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या जाहिराती रोज अर्धा तास लावलेल्या खोलीत ठेवले, त्याच प्रकारचे दुसरे फोन शांत खोलीत ठेवले. तीन दिवसांनंतर पहिल्या फोनांवर त्या खाद्याच्या जाहिराती आल्या नाहीत, आणि डेटा व बॅटरीच्या वापरातही लक्षणीय फरक आढळला नाही.

"कंपन्यांनी कबूल केलंय." इथे मेसेजात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. 2019 साली उघड झालं की हाक मारली की उत्तर देणाऱ्या सिरी, अलेक्सा आणि गूगल असिस्टंट यांनी टिपलेल्या आवाजाचे काही तुकडे कंत्राटी माणसं ऐकत होती. त्यात हाक न मारता चुकून सुरू झालेली रेकॉर्डिंगही होती, म्हणजे घरातलं खाजगी बोलणं. सिरीवरून झालेल्या खटल्यात ॲपलने जानेवारी 2025 मध्ये साडेनऊ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली, मात्र चूक मान्य केली नाही. स्पेनच्या फुटबॉल लीगचं ॲप वापरणाऱ्याच्या परवानगीने मायक्रोफोन चालू करून सामन्यांचं चोरटं प्रक्षेपण दाखवणारे बार शोधत होतं, हे 2018 मध्ये त्या लीगनेच सांगितलं. आणि 2023 च्या अखेरीस अमेरिकेतल्या कॉक्स मीडिया ग्रुप या माध्यम कंपनीच्या विक्री साहित्यात "ॲक्टिव्ह लिसनिंग" नावाची सेवा सापडली. लोकांचं बोलणं ऐकून जाहिराती दाखवतो, असंच त्यात लिहिलं होतं. गवगवा झाल्यावर, आम्ही कुणाचंही संभाषण ऐकत नाही, असा खुलासा कंपनीने केला.

ही सगळी प्रकरणं गंभीर आहेत आणि कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण चुकून टिपलेला आवाज माणसांनी ऐकणं वेगळं, आणि फोन दिवसभर प्रत्येकाचं बोलणं ऐकून जाहिराती लावतो हे वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. विकणाऱ्याची बढाई म्हणजे पुरावा नव्हे.

राहता राहिलं "परवानगी काढा आणि निर्धास्त व्हा". परवानगी जरूर काढा, गरज नसेल तिथे ती देऊच नये. पण त्यानंतर निर्धास्त झालेली माणसं मी बघते तेव्हा जीव तुटतो. घरात कुणाच्या आजारपणाबद्दल बोलायचं तर फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतात, दबक्या आवाजात बोलतात. मग परत येऊन तोच फोन हातात घेतात आणि आजाराचं नाव, औषध, खर्च, त्यात माणूस किती जगतो, हे सगळं एकामागून एक सर्चमध्ये लिहितात. तोंडाने घरच्यांपाशी जे बोलवत नाही, ते बोटांनी परक्याला सांगून मोकळे होतात. भीती चुकीच्या जागी बसली की माणूस आपल्याच घरात आवाज दाबून बोलायला लागतो, आणि तरी वाचत नाही.

त्या दिवशी मैत्रिणीने मायक्रोफोन सगळ्या ॲपसाठी बंद करून टाकला होता. पुढच्या वेळी आली तेव्हा आम्ही दोघींनी तिच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात ओळख क्रमांक पुसला. मग लोकेशनची परवानगी असलेल्या ॲपची यादी उघडली. बोटाने खाली सरकवत गेलो तरी यादी संपेना. नकाशा, हवामान ठीक होतं. खाली खाली "नेहमी" परवानगी असलेलं एक टॉर्चचं ॲप निघालं, फोन नवा होता तेव्हा कधीतरी टाकलेलं. अशाच एका टॉर्च ॲपवर 2013 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली होती, कारण ते वापरणाऱ्यांचं ठिकाण जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. तिला हे सांगितलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. म्हणाली, "दवाखान्यातसुद्धा हाच फोन होता माझ्याकडे." मग तिने ॲप काढून टाकलं आणि यादीतलं पुढचं नाव उघडलं.