पदकांच्या पानापेक्षा इतर पाने पाहा
दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांच्या सेवापुस्तिका संग्रहासाठी विकत घेताना पदकांच्या नोंदी आधी पाहाव्यात, हे एका लेखातील मत मला पटत नाही, कारण किंमत वाढवण्यासाठी खोट्या नोंदी बहुधा त्याच पानावर घुसडल्या जातात. झोल्डबूख, म्हणजे पगार व ओळखीची पुस्तिका, सैनिकाच्या खिशात असे, तर वेअरपास, म्हणजे लष्करी सेवेच्या नोंदींची पुस्तिका, तुकडीकडे राहत असे आणि सैनिक मारला गेल्यास कुटुंबाकडे पाठवला जाई. म्हणून दोन्ही हाती आल्यास तारखा, तुकड्या आणि शिक्के एकमेकांशी ताडून पाहावेत. लशी, इस्पितळातील मुक्काम, मिळालेले बूट यांच्या रुक्ष पानांना सहसा कोणी हात लावत नाही. १९४१-४२च्या हिवाळ्यातील हिमदंशाची एखादी नोंद सोव्हिएत संघाविरुद्धच्या पूर्व आघाडीबद्दल पदकापेक्षा अधिक सांगते. एकाच सैनिकाची कागदपत्रे सुटी करून मात्र कृपया विकू नका.