कारंजी बंद होती, आणि ते आम्ही आधी सांगायला हवं होतं

नमस्कार ताई,

आपण लिहिलंत की आमच्या माहितीपत्रकातला उंच कारंज्याचा फोटो पाहून वडिलांनी ही सहल निवडली आणि स्पेनमधल्या ला ग्रांहाच्या राजवाड्यात पोचल्यावर सगळी कारंजी कोरडी होती. चूक आमची आहे. तो फोटो 'ला फामा' कारंज्याचा. त्याची धार सुमारे 40 मीटर चढते. पण सगळी कारंजी सुरू होण्याचे दिवस वर्षात मोजकेच: परंपरेने 30 मे, 25 जुलै आणि 25 ऑगस्ट. एरवी ठराविक वारी त्यांतली थोडीच सुरू करतात. आपला दिवस त्यांतलाही नव्हता. आम्हाला हे ठाऊक होतं, तरी फोटोखाली छापलं नाही.

तिथे पंप नाहीत. बागेच्या माथ्यावर 'एल मार' नावाचा तलाव आहे, त्यात डोंगरातलं पाणी साठवतात आणि केवळ उताराच्या दाबावर कारंजी उडतात. स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने 1721 मध्ये राजवाड्याचं काम सुरू केलं, तेव्हापासूनची ही व्यवस्था आहे. म्हणून पाणी जपून वापरतात. एवढं जरी बसमध्ये सांगितलं असतं, तरी काकांनी त्या कोरड्या शिल्पांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

जेवणाबाबत मात्र गाइडला दोष देऊ नका. तिथले 'हुदियोनेस', म्हणजे मोठे पांढरे घेवडे, सहसा डुकराचं मांस घालून शिजवतात. शाकाहारी जेवण हवं असं आम्ही आधी कळवलं होतं. तरी त्या रेस्टॉरंटने त्याच पातेल्यातून मांसाचे तुकडे बाजूला काढून वाढायला घेतलं. गाइडने ते थांबवलं, म्हणूनच आपल्या ताटात बटाट्याचं ऑम्लेट आणि पाव आला. आपण अंडं खात नाही हे त्याला माहीत नव्हतं, कारण आमच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. आता घातला आहे.

ला ग्रांहा सहलीतून काढा, असं आपण सुचवलंत. ते मी करणार नाही. सेगोव्हिया शहरापासून जेमतेम 11 किलोमीटरवर अशी बाग आहे, शिवाय गावातला 1727 सालापासूनचा राजेशाही काचकारखानाही पाहता येतो. जुलैचा गट मात्र 25 तारखेला तिथे असेल अशी आखणी केली आहे. तलावात पाणी कमी असलं तर तोही दिवस हुकू शकतो, हे या वेळी ठळक छापलं आहे.

त्या दिवसाच्या प्रवेशाचे आणि जेवणाचे पैसे आपल्या तिघांनाही परत करतो आहोत. काकांशी मला स्वतः बोलायचं आहे. संध्याकाळी सातनंतर फोन केला तर चालेल का?

— सहल संचालक, पुणे