ढगाळ आभाळ हा फोटोचा दोष नव्हे

आज दादरला आमच्या कॅमेरा क्लबच्या मासिक स्पर्धेचे परीक्षण झाले आणि घरी येऊन जेवण आटोपले तरी माझा राग निवळलेला नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने भाऊच्या धक्क्यावर पावसात काढलेला फोटो पाठवला होता. त्यात ओला धक्का होता, डोक्यावर प्लास्टिक घेऊन टोपल्या उचलणाऱ्या कोळणी होत्या आणि मागे राखाडी समुद्र व तितकेच राखाडी आभाळ होते. परीक्षकांनी तो पडद्यावर जेमतेम काही क्षण ठेवला आणि ‘आकाश मेलेले आहे, हल्ली एका क्लिकवर बदलता येते’ असे म्हणून बाजूला सारला. पहिले बक्षीस गेटवे ऑफ इंडियाच्या फोटोला मिळाले, ज्याचे शीर्षक ‘संध्याकाळ’ होते आणि ज्यात कमानीमागच्या समुद्रावर केशरी सूर्य मावळत होता.

गेटवेचा समुद्र पूर्वेला आहे. तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही, हे मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसांना सांगावे लागते याचे मला अतिशय वाईट वाटते. शिवाय समोरच्या आवारातल्या एकाही माणसाची सावली जमिनीवर पडलेली नव्हती, कारण मूळ फोटो ढगाळ दिवसाचा होता आणि अशा दिवशी प्रकाश आभाळभर पसरून सगळीकडून येतो. सूर्य मागे असता, तर सावल्या लांबच लांब कॅमेऱ्याच्या दिशेने आल्या असत्या. आभाळ बदलून देणारे सॉफ्टवेअर पुढच्या भागावर थोडी केशरी छटा चढवते, पण नसलेल्या सावल्या कुठून आणणार?

माझे बाबा गिरगावच्या चाळीत रात्री मोरीची खिडकी काळ्या कापडाने झाकून तिथेच डार्करूम करत. बाणगंगेच्या ओल्या पायऱ्यांचा त्यांचा एक फोटो होता, पावसातलाच, आणि त्याचे आभाळ कागदावर नीट उतरावे म्हणून ते आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे किती प्रकाश द्यायचा हे ठरवणारी चाचणीची पट्टी, काढत, मग निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हाताच्या ओंजळीने खालचा भाग झाकून वरच्या भागाला काही सेकंद जास्त प्रकाश देत. कडेवर रेघ उमटू नये म्हणून हात सतत हलता ठेवावा लागे. त्यांच्या एका मित्राने दुसऱ्या निगेटिव्हमधले पांढरे ढग त्यात छापण्याचा आग्रह धरला होता, तेव्हा बाबांनी ‘त्या दिवशी असे ढग नव्हते’ एवढेच सांगितले आणि पुन्हा कागद डेव्हलपरमध्ये टाकला.

आता कोणी म्हणेल की आभाळ जोडणे जुनेच आहे, फ्रान्समध्ये छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवरून छापले होते. हे खरे आहे आणि मला मान्य करावेच लागते. पण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील होत्या, की समुद्र नीट यावा तर आकाश पांढरेफटक पडे. आपली ती अडचण राहिलेली नाही. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या मूळ फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या नोंदवता येतात, जेपेगमध्ये फक्त 256. तुम्हाला सपाट वाटणाऱ्या त्या राखाडी आभाळात ढगांचे थर असतात. ते शोधण्याचा आळस करून फोटोशॉपमध्ये 2020 साली आलेल्या, एका क्लिकवर आभाळ बदलणाऱ्या स्काय रिप्लेसमेंटकडे धावायचे, याला मी संपादन म्हणणार नाही. जाहिरातीत करा, क्रिएटिव्ह विभागात करा, माझी हरकत नाही. पण निसर्ग विभागात काही जोडणे किंवा काढून टाकणे आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनाही चालत नाही, मग आपल्या शहराच्या फोटोंना तेवढा मान का नसावा?

परीक्षण संपल्यावर तो मुलगा जिन्याजवळ उभा होता. त्याने मला विचारले, ‘काकू, मी खरंच आकाश बदलायला हवं होतं का?’ त्याचा चेहरा आठवला की आवाज चढवण्याऐवजी त्याच्याशीच बोलावेसे वाटते, म्हणून पुढचे त्याच्यासाठी लिहिते.

तुझ्याकडे रॉ फाइल आहे, तिथून सुरुवात कर. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचा तोल, बघ. पावसाळी प्रकाश निळसर असतो, तो पूर्ण पुसून टाकलास तर पाऊसही पुसला जाईल, त्यामुळे कोळणींच्या त्वचेचा रंग नैसर्गिक दिसेल तिथे थांब. मग हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची, उजवी कड पाहून हायलाइट्स, म्हणजे सर्वात उजळ भाग, खाली आण. आभाळावर ग्रेडियंट मास्क, म्हणजे हळूहळू विरत जाणारी निवड, घेऊन एक्स्पोजर किंचित कमी कर आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढव, म्हणजे ढगांचे पोट दिसू लागेल. हे बाबा ओंजळीने करत होते तेच आहे. धूसरपणा कमी करणारा डीहेझचा स्लायडर फार ओढू नकोस, त्याने टोपल्यांच्या आणि माणसांच्या कडेला पांढरी झालर येते. सगळ्या फोटोच्या सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात न लावता फक्त टोपल्यांच्या रंगावर काम केलेस तरी पुरेल. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आकार लहान केल्यावर कर. प्रोजेक्टरसाठी फाइल एसआरजीबी या नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीतच दे, कारण आज पडद्यावर तुझे रंग इतके फिके दिसले त्यामागे, माझ्या अंदाजाने, अॅडोबी आरजीबी ही दुसरी रंगपद्धत हे कारण असावे. पैसे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाइलची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, दोन्ही उत्तम आहेत.

क्लबच्या पुढच्या बैठकीत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. बक्षीसपात्र फोटोची मूळ फाइल निकालाआधी परीक्षकांसमोर उघडली जावी, आणि ज्या फोटोत आकाश दुसरीकडून आणलेले आहे तो क्रिएटिव्ह विभागातच घेतला जावा. क्लबमधल्या ज्या मित्रांना हे पटते त्यांनी त्या कागदावर सही करावी. मंगळवारी तो माझ्याजवळ असेल.