बांध कुणी राखला: कून व्हॅलीच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या कून व्हॅली या दरीत शेतकऱ्यांनी मातीची धूप कशी थांबवली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मृदसंधारणात तुमची उभी नोकरी गेली आहे, त्यामुळे नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांचं मी उगाच कौतुक केलं, कामं तर सरकारने मजूर लावून करून दिली; एवढं करूनही 1950 च्या दशकात अमेरिकेत 1930 च्या दशकासारखी पुन्हा धूळ उडालीच; आणि तसेच समतल (उताराला आडवे, एका पातळीवरचे) बांध आपल्याकडे घातले ते दहा वर्षंही राहिले नाहीत, मग दोन एकरवाल्याला हे सांगून काय उपयोग.

मजुरांचं तुमचं बरोबर आहे. ते मी लेखात नीट लिहायला हवं होतं. 1933 मध्ये ह्यू बेनेट यांच्या, जमिनीची धूप रोखणाऱ्या सरकारी खात्याने पाणलोटाच्या पहिल्या प्रात्यक्षिकासाठी कून व्हॅली निवडली, तेव्हा मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी तुकड्या तिथे छावण्या टाकून राहिल्या. घळी बांधणं, कुंपणं हलवणं, झाडं लावणं त्यांनी केलं. बियाणं, चुना, खतही सरकारचं. पण शेतकऱ्याला पाच वर्षांच्या करारावर सही करावी लागे, आणि त्यात त्याने काय सोडायचं तेही ठरलेलं असे. चारशेहून जास्त जणांनी सह्या केल्या.

काय सोडायचं होतं ते बघा. वर सपाट माथा, मध्ये झाडीचा उभा चढ, खाली ओढ्याकाठची सुपीक पट्टी, अशी ती दरी. माती वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी तिथे शेतं पाडली ती मोजणीच्या चौकोनी रेषांवर, त्यामुळे नांगर उतारावर वर-खाली चालायचा. गाई चरायच्या त्या उभ्या चढावरच्या झाडीत. खुरांनी जमीन थापटल्यासारखी घट्ट झाली, कोवळी रोपं गाईंनी खाल्ली, पाणी मुरेना आणि सगळं खालच्या शेतावर येऊन घळी पाडू लागलं. म्हणून करारातली महत्त्वाची अट अशी की झाडीला कुंपण घालायचं आणि गाई बाहेर काढायच्या. दुधावर घर चालवणाऱ्या माणसाला चराई सोड म्हणणं ही लहान गोष्ट नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या बदल्यात त्याला मिळाली लसूणघास, गुरांच्या हिरव्या चाऱ्याचं पीक. चौकोन मोडून उताराला आडवे, वळणदार पट्टे आखले: एक मक्याचा, त्याच्याखाली लसूणघासीचा, मग ओटचा, पुन्हा लसूणघास. मक्याच्या ओळींतून निघालेलं गढूळ पाणी खालच्या दाट घासात शिरलं की संथ होतं आणि माती तिथेच टाकतं. तोच घास कापून गोठ्यात. म्हणजे माती धरणारा पट्टा आणि गाईची वैरण एकच! मला त्या लेखात खरं हेच सांगायचं होतं, ते कौतुकाच्या भरात हरवलं. 1942 मध्ये त्या तुकड्या बंद झाल्या. पट्टे राहिले, आजूबाजूच्या दऱ्यांत पसरले, कारण ते मोडले असते तर गाई उपाशी राहिल्या असत्या.

माती खरंच थांबली, हे माझं भाबडेपण नाही, मोजलेलं आहे. 1930 च्या दशकात तिथल्या अभियंत्यांनी ओढ्याकाठच्या जमिनीचे आडवे छेद मोजून ठेवले होते. भूगोलाचे अभ्यासक स्टॅन्ली ट्रिंबल यांनी पुढे त्याच जागा शोधून पुन्हा मोजल्या. ओढ्याकाठी गाळ साठण्याचा 1975 ते 1993 मधला वेग 1930 च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे 6 टक्के निघाला. आणि त्याच भागात पुढे बांधलेल्या छोट्या पूरनियंत्रण धरणांपैकी पाच ऑगस्ट 2018 च्या एका पावसात फुटली. तुम्ही बांधकामांवर जो अविश्वास दाखवलात, त्याला मी हे तुमच्या बाजूने जोडतो.

धुळीचं मात्र मला अर्धंच पटतं. धूळ उडाली हे खरं. टेक्ससमध्ये 1950 ते 1957 असा दुष्काळ होता की 254 पैकी 244 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आपत्तीग्रस्त ठरल्या. पण 1940 च्या दशकात युद्धामुळे गव्हाला भाव आला आणि अमेरिकेच्या मधल्या मैदानी भागातली (ग्रेट प्लेन्स) गवताची जमीन पुन्हा नांगराखाली गेली. तिथे गवत राखण्यात शेतकऱ्याचा रोखीचा फायदा उरला नव्हता. 1956 चा ग्रेट प्लेन्स कार्यक्रम यातूनच आला: 10 राज्यं, जास्तीत जास्त 10 वर्षांचे करार, आणि एकेका बांधाऐवजी सबंध शेताचा किंवा कुरणाचा आराखडा. गवत पुन्हा पेरायचं, गुरं आवरायची, पाण्याची तळी अशा जागी काढायची की सगळा कळप एकाच कोपऱ्यात जमीन तुडवणार नाही. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, कारण गवत नीट रुजेपर्यंत मधली वर्षं शेतकऱ्याने खायचं काय?

आता आपल्याकडचं. मुंबई इलाख्याने जमीन सुधारणा योजनांचा कायदा 1942 मध्येच केला होता, तेव्हा आपण मागे होतो असं मी म्हणणार नाही. पण आमच्या रानात आजोबांच्या काळात घातलेला बांध मी पाहिला आहे. खोल काळी माती. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल अशा भेगा पडायच्या, बांधालाही. पहिल्या मोठ्या पावसात पाणी भेगेतून घुसायचं आणि बांध आतून पोखरून फुटायचा. जादा पाणी बाहेर काढायला सांडवा नव्हताच. जो भाग टिकला त्याच्यामागे पाणी तुंबून ज्वारी पिवळी पडली. चुलत्यांनी दोन वर्षं पाहिलं आणि बांध नांगरून टाकला. तेव्हा सगळे त्यांना अडाणी म्हणाले. मला वाटतं त्यांनी हिशेब बरोबर केला होता: बांधाने त्यांची जमीन घेतली होती आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं. त्या बांधावर गुरांना चार पेंढ्या गवत मिळालं असतं, तर त्यांनी तो नांगरला नसता.

कून व्हॅलीतही आता हाच प्रश्न आला आहे. विस्कॉन्सिनमधले छोटे गोठे बंद होताहेत. गाय गेली की लसूणघासीला गिऱ्हाईक उरत नाही, आणि सलग मका-सोयाबीन घेताना वळणाचे पट्टे मोठ्या यंत्रांच्या आड येतात.

तुम्ही लिहिलंय की काही बांध तुमच्या हाताखाली झाले आणि ते अजून उभे आहेत, आणि त्या गावांच्या मोजणीच्या वह्या तुमच्याकडे आहेत. ते बांध कुणाच्या शेतात आहेत, त्यांच्यावर काय वाढतं आणि ते कोण कापून नेतं, हे मला बघायचं आहे. दिवाळीनंतर येऊ का?