आभाळाला ठिगळ

गॅरेजची खोली करायचं ठरलं, तेव्हा मी फक्त जमिनीकडे आणि भिंतींकडे पाहिलं होतं. फरशी सपाट, भिंती उभ्या, एक खिडकी. झालं की! वर काय आहे हे बघायला मान वर करावी लागते आणि तेवढे कष्ट मी घेतले नव्हते. पुढच्या महिनाभरात ती मान इतकी वर झाली की शेवटी खाली यायलाच तयार होईना.

वर उघडे लाकडी वासे होते. त्यांना जिप्सम बोर्ड मारून छत करायचं. यातल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, "आधी छत, मग भिंती." भिंतीचा बोर्ड छताच्या बोर्डाच्या कडेला खालून टेकतो, त्यामुळे कडेला आधार मिळतो, वगैरे. कारण पटण्यासारखं होतं. पण याचा अर्थ असा की नवशिक्यानं पहिला धडा सर्वांत अवघड जागी गिरवायचा. पोहायला शिकणाऱ्याला आधी समुद्र, मग हौद.

जिप्सम बोर्ड दिसायला गरीब. मध्ये जिप्सम, दोन्ही बाजूंना कागद. ऑगस्टिन सॅकेट नावाच्या गृहस्थांनी 1894 मध्ये कागद आणि प्लास्टरचे थर असलेल्या अशा बोर्डाचं पेटंट घेतलं. ओल्या गिलाव्याचे थर वाळायची वाट बघत बसायला नको, वेळ वाचावा, हा हेतू. त्यांनी जगाचा वाचवलेला बराचसा वेळ मी एका खोलीत खर्च केला.

आठ फूट लांब, चार फूट रुंद, अर्धा इंच जाड. वजन सुमारे 25 किलो. भिंतीला टेकवून ठेवला की 25 किलो म्हणजे काहीच नाही. तोच डोक्यावर आडवा धरला की त्यातला प्रत्येक किलो स्वतंत्रपणे ओळख करून देतो. पुढे कुठेतरी वाचलं की शुद्ध जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं, म्हणून बोर्ड आगीला दाद देत नाही. गुण थोर आहे. पण मी घोडीवर उभा राहून डोक्यावर जवळजवळ पाच लिटर पाणी तोलत होतो, हे आधी कुणी बोललं नाही.

बोर्ड वर चढवायचं यंत्र भाड्यानं मिळतं. ते मी आणलं नाही. "दोन माणसं असली की पुरे," असं मी बायकोला म्हणालो आणि दुसरं माणूस कोण, हे तिला लगेच कळलं.

तिच्या हातात टेकू दिला. उभ्या दांडक्यावर आडवी फळी ठोकून केलेला, टी आकाराचा, छतापेक्षा अर्धा इंच उंच. बोर्डाची एक कड तिनं टेकूवर तोलायची, दुसरी मी डोक्यावर घ्यायची आणि मोकळ्या हातांनी स्क्रू मारायचे, अशी योजना. कागदावर बिनचूक. प्रत्यक्षात हात मोकळे झालेच नाहीत. एक हात बोर्ड सरकू नये म्हणून, दुसऱ्यात ड्रिल, आणि स्क्रू दातांत. अशा वेळी माणसाला बोलावंसं वाटतंच.

"म्म म्म म्म!"

"अहो, डावीकडे म्हणताय की उजवीकडे?"

"म्म!"

तिनं टेकू उजवीकडे नेला. मी डावीकडे म्हणालो होतो.

पहिला स्क्रू फिरत राहिला, फिरत राहिला, आणि आत शिरला तो थेट पोकळीत. वासा दोन इंच पलीकडे होता. वासे कुठे आहेत त्याच्या खुणा भिंतींवर आधीच करून ठेवायच्या असतात, कारण बोर्ड वर गेला की ते दिसत नाहीत. मी खुणा केल्या होत्या, पण बोर्डावर. त्याही वरच्या बाजूला.

दुसरा स्क्रू वाशाला लागला, पण जोरात. डोकं कागद फाडून आत गेलं. बोर्डाची पकड त्या कागदावर असते. डोकं पृष्ठभागाच्या जरासं आत बसावं, वर कागद शाबूत राहावा, एवढीच अपेक्षा. कागद फाटला की तो स्क्रू हजेरीपुरता. माझ्या छतात हजेरीपुरते बरेच आहेत.

आता दिव्याचं भोक. त्याच्याबद्दल सांगायला नको वाटतं, पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतंच. दिवा भिंतीपासून तीन फुटांवर हवा होता. मी नकाशा काढला, बोर्ड जमिनीवर ठेवला, गुळगुळीत बाजू वर घेतली आणि नकाशाबरहुकूम आखून सुबक गोल कापला. कडा पॉलिश पेपरनं घासल्या. इतकं छान भोक मी आयुष्यात केलं नव्हतं. मग बोर्ड पालथा करून वर चढवला, कारण गुळगुळीत बाजू खोलीकडे यायला हवी. चार फूट रुंदीचा बोर्ड पालथा झाला की तीन फुटांचं एक फूट होतं. बारा स्क्रू मारून झाल्यावर बायको टेकूला टेकून वर पाहत म्हणाली, "अहो, वायर कुठे गेली?"

कापलेला गोल तुकडा मी जपून ठेवला होता, का ते माहीत नाही. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं म्हणतात. माझं आभाळ मी स्वतः मोजूनमापून फाडलं होतं आणि ठिगळ खिशात होतं.

भिंतींचं काम चार दिवसांत आटोपलं. भिंत अंगावर पडायला बघत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग सांधे. सांध्यावर पुट्टी, तिच्यात कागदी पट्टी, वर पुट्टीचे आणखी दोन हात, दर वेळी आधीपेक्षा रुंद. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या ठेवलेल्या असतात, त्या खोलगटीत पुट्टी बसते. आखूड कडांना ती सोय नाही, तिथे उंचवटा येतोच. तो लपवायला मी पुट्टी पसरत गेलो, पसरत गेलो, आणि शेवटी सांधा दोन हात रुंद झाला. वाळल्यावर घासणं. डोक्यावर हात धरून घासलं की धूळ कुठे जाते हे भौतिकशास्त्रात शिकवतात. मास्क आणि चष्मा लावूनही संध्याकाळी आरशात एक पांढऱ्या भुवयांचे आजोबा दिसले. मुलीनं त्यांना ओळखलं नाही.

रंग दिला आणि छत एकदम निर्दोष झालं. ते सुख दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आत येईपर्यंत टिकलं. समोरून पडणारा प्रकाश छताला सांभाळून घेतो, तिरपा चुगली करतो. प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रूची खळगी, पट्टीखाली अडकलेला एक केससुद्धा. सकाळी साडेसात ते आठ त्या खोलीत कुणाला न्यायचं नाही, असा घरात नियम आहे.

दिव्याचं काम वायरमनला बोलावून करून घेतलं. त्यानं वर पाहिलं, मग जरा वेळ आणखी वर पाहिलं.

"हे छत कुणी केलं?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "होता एक माणूस. आता येत नाही तो."

वायरमननं समजुतीनं मान हलवली. बोर्ड उघडण्यापेक्षा आहे त्या भोकाकडेच वायर वळवू म्हणाला. दिवा भिंतीपासून एक फुटावर लागला, आणि त्याच्याखाली उजेड वाया जाऊ नये म्हणून टेबल तिथे सरकवलं. परवा आलेले पाहुणे कौतुकानं म्हणाले, कोपऱ्यात दिवा घ्यायची कल्पना फार वेगळी आहे हो.

"यांचीच," बायको म्हणाली.

गोल तुकडा टेबलावर आहे. त्यावर मी चहाचा कप ठेवतो.