अरब क्रीडास्पर्धा म्हणजे शेखांचा पैसा? जरा नकाशा उघडा

अरब देशांच्या आपसातल्या क्रीडास्पर्धांबद्दल एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सारांश असा: तेलाचा पैसा आला आणि शेखांनी हा तमाशा मांडला, बायकांना तिथे मज्जाव, पदकं जिंकणारे सगळे आफ्रिकेतून विकत आणलेले, आणि एवढं करून हे देश आपसात इतके भांडतात की स्पर्धा धड भरतच नाही. कोकणातली निम्मी घरं आखाताशी जोडलेली असल्यामुळे की काय, आपल्याकडे असलं काही आलं की लगेच पुढे जातं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण सुरुवातच सपशेल चुकली आहे.

या स्पर्धांची, म्हणजे पॅन अरब गेम्सची, कल्पना मांडली अरब देशांच्या संघटनेचे, म्हणजे अरब लीगचे, पहिले सरचिटणीस अब्दुल रहमान अझ्झाम यांनी. पहिली स्पर्धा १९५३ साली इजिप्तच्या अलेक्झांड्रियात झाली. राजा फारुकला देशाबाहेर घालवून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. संयुक्त अरब अमिरात नावाचा देश जन्मायला अजून अठरा वर्षं होती. पुढची यजमान शहरं बघा: बैरुत, कासाब्लांका, कैरो, दमास्कस. आजवरच्या १३ स्पर्धांपैकी आखाती देशात झाली ती फक्त एक, २०११ साली दोह्यात. आखाताच्या सहा देशांची वेगळी स्पर्धा आहे, ती बहरीनमध्ये सुरू झाली तीही २०११ लाच. म्हणजे तेलवाले या मांडवात यजमान म्हणून आले ते सर्वांत शेवटी.

पैशाचंच बोलायचं तर बैरुतचं कामिय शामून स्टेडियम बघा. १९५७ च्या स्पर्धेसाठी बांधलं. पुढे लेबनॉनमध्ये यादवी पेटली, आणि १९८२ च्या इस्रायली आक्रमणात बॉम्बहल्ल्यांनी त्याचा चुराडा झाला. यादवी संपल्यावर तेच स्टेडियम पुन्हा उभं केलं आणि १९९७ मध्ये पुन्हा अरब स्पर्धाच तिथे भरवली. पंधरा वर्षं युद्ध भोगलेल्या शहराने 'आम्ही अजून आहोत' हे सांगण्यासाठी केलेला तो खर्च होता. त्याला शेखांची चैन म्हणणाऱ्याला बैरुत कुठे आहे हे तरी माहीत असावं.

बायकांचं विधान अर्धं खरं आहे. पहिल्या पाच स्पर्धांत महिला नव्हत्याच. त्या आल्या १९८५ ला, मोरोक्कोत. मोरोक्कोतच का, हे समजायला एक वर्ष मागे जावं लागतं. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नवाल अल मुतवक्किल हिने ४०० मीटर हर्डल्सचं सुवर्ण जिंकलं होतं. अंतिम फेरीतली वेळ ५४.६१ सेकंद. अरब जगातल्या बाईचं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. राजा हसन दुसरे यांनी त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावं नवाल ठेवा असं फर्मान काढलं, असं सांगतात. त्यानंतर कोणत्या तोंडाने मुलींना बाहेर ठेवणार? पुढे अल्जीरियाची हसिबा बुलमेर्का १९९२ च्या बार्सिलोनात १५०० मीटर जिंकली. सीरियाची घादा शुआ १९९६ च्या अटलांटात हेप्टाथलॉन (सात क्रीडाप्रकारांची एकत्र स्पर्धा) जिंकली, आणि सीरियाचं ते आजवरचं एकमेव ऑलिंपिक सुवर्ण आहे. पुरुषांना ते जमलेलं नाही.

खरं अर्ध कोणतं? सौदी अरेबिया आणि कतार यांनी ऑलिंपिकला पहिल्यांदा महिला पाठवल्या त्या २०१२ साली. सौदीच्या दोघीच होत्या. हा उशीर लाजिरवाणाच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण अरब लीगच्या २२ देशांच्या माथी एक-दोन राजवटींचा नियम मारायचा हा कुठला न्याय?

आता विकतचे खेळाडू. कतारचा सैफ सईद शाहीन हा मूळचा केनियाचा स्टीफन चेरोनो. २००३ ला त्याने देश बदलला, आणि पुढच्याच वर्षी ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा) विश्वविक्रम केला. तो २०२३ पर्यंत टिकला. केनियाने हरकत घेतल्यामुळे अथेन्स ऑलिंपिक मात्र त्याला हुकलं. बहरीनने तर आफ्रिकेत जन्मलेल्या धावपटूंच्या जोरावर पदकांची रासच लावली. इथवर मजकूर बरोबर आहे. त्याच्या पुढे नाही. कतारचा मुताझ बर्शिम, २०११ ला घरच्या मैदानावर अरब स्पर्धेत उंच उडीचं सुवर्ण आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये वाटून घेतलेलं सुवर्ण जिंकणारा, दोह्यातच जन्मला आणि दोह्यातच वाढला. २०११ च्याच अरब स्पर्धेत ट्युनिशियाच्या उसामा मेल्लुलीने डझनाहून जास्त सुवर्णं पोहून नेली. त्याला कोणी विकत घेतलं? मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजचा १५०० मीटरचा विश्वविक्रम, ३ मिनिटं २६ सेकंद, १९९८ पासून कोणाला मोडता आलेला नाही. आणि २०११ ला सगळा खर्च कतारने केला तरी पदकतक्त्यात पहिला आला इजिप्त.

राहिलं भांडण. ते खरं आहे. १९६५ नंतरची स्पर्धा थेट १९७६ ला झाली. २०१५ ची बैरुतला ठरली होती, ती झालीच नाही. अखेर २०२३ ला अल्जीरियाने भरवली. चार वर्षांनी होणारी स्पर्धा बारा वर्षांनी होते तेव्हा एका खेळाडूचं अख्खं वय त्यात निघून जातं, आणि टीका करायचीच तर ती इथे करावी. पण भांडणातही माणसं खेळतात. २०१७ ला सौदी, अमिरात आणि बहरीनने कतारची नाकेबंदी केली तेव्हा आखाती फुटबॉल स्पर्धा दोह्यातून कुवेतला हलवावी लागली. दोन वर्षांनी पुन्हा दोह्याची पाळी आली. नाकेबंदी कायम होती, तरी तिघेही आधी नाही म्हणून मग आले. बहरीनने सौदीला हरवून आपला पहिला आखाती चषक उचलला तो ज्या देशावर बहिष्कार घातला होता त्याच्याच राजधानीत. नाकेबंदी उठली ती त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०२१ मध्ये.

आणि शेजाऱ्यांशी भांडून स्पर्धा बंद पाडण्यावर हसायचं आपण? दक्षिण आशियाई स्पर्धा शेवटची झाली २०१९ ला नेपाळमध्ये. पुढची पाकिस्तानात ठरली होती. तिची तारीख पुढे सरकत राहिली, तेव्हा कोणत्याही ग्रुपवर मजकूर फिरला नाही.